चारशे बारा खुणा

"ती हात असा करते," सुरवसे काका म्हणाले आणि त्यांनी डावा पंजा माझ्या काउंटरवरच्या पेपरावर ठेवून दोनदा खाली ओढला. "परत परत. आणि माझ्या तोंडाकडं बघत राहते. काय म्हणायलीय तेच कळंना."

सकाळचे दहा वाजले होते. मी एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याच्या मागे उभे राहणारे सत्तावीस शुभेच्छुक बसवत होतो. बार्शीत तेव्हा माझ्याइतका कॉम्प्युटर कळणारा माणूस नाही असं माझं मत होतं आणि ते मी कुणापासून लपवूनही ठेवत नव्हतो. पाटीवर 'लग्नपत्रिका, फ्लेक्स, वेबसाइट' असं लिहिलेलं होतं. वेबसाइट हा शब्द मुद्दाम मोठा केला होता.

काकांना मी बसायला सांगितलं. खुर्चीला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही हात पँटीला मांड्यांवर पुसले, दोन वेळा, वरून खाली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, हात माझ्यापेक्षा स्वच्छ होते, पण सवय जात नाही.

"ती वेबसाइट दाखव," ते म्हणाले. "हिच्या खुणांची. त्यात असंल की."

त्यांची बायको म्हणजे प्रमिला सुरवसे, आमच्या सगळ्यांच्या सुरवसे बाई. गावाबाहेर मूकबधिर मुलांची निवासी शाळा होती, तिथं बाईंनी एकतीस वर्षं शिकवलं. त्या वसतिगृहातल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या खुणा तयार केल्या होत्या. त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या, पुण्या-मुंबईच्या शाळांतही नव्हत्या. शाळा बंद होणार असं दिसायला लागलं तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. वर्षभर दर शनिवारी शाळेच्या निळ्या भिंतीपुढे उभं राहून त्यांनी एकेक खूण केली आणि मी शूटिंग केलं. चारशे बारा खुणा, चारशे बारा छोटे व्हिडिओ. प्रत्येक फाइलला नाव त्यांनी स्वतः मराठीत टाइप करून दिलं. फाइलींना नुसते आकडे द्या असं मी दहा वेळा सांगितलं. त्या म्हणाल्या, "उदय, एकशे सत्तेचाळीस म्हणजे भूक हे लक्षात कोण ठेवणार? भूक म्हणजे भूकच लिही." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला होता.

त्या श्रावणात बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाटी-पेन्सिल डाव्या हातात दिली तर नुसत्या रेघोट्या निघत. अक्षरं पुसल्यासारखी गेली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पण डावा हात खुणा करत होता, आणि त्या खुणा घरात एकालाही कळत नव्हत्या. मुलगी सुरतेला. घरात काका एकटे. एकतीस वर्षांत ते बायकोच्या शाळेतली एक खूणही शिकले नव्हते. मी तसं विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं की घरात ती तोंडानं बोलायची, मग शिकून करायचं काय.

"लई तरास होतोय तिला," ते म्हणाले. "पाणी देतो, नको. कूस बदलतो, नको. भांडं देतो, नको. शेवटी डोळे मिटून घेती. एवढी एक खूण दाखव, मग बाकीच्या मी सावकाश शिकतो."

मी वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर बाईंचा हसरा फोटो आला. काकांनी चष्मा पुसला. मी शब्दांच्या यादीत गेलो, 'पाणी'वर क्लिक केलं. एक रिकामी चौकट आली, कोपऱ्यात फाटक्या कागदाचं चित्र. 'भूक'. चौकट. 'दुखणे', 'औषध', 'गार', 'गरम'. चौकट, चौकट, चौकट.

"सर्व्हर जरा स्लो आहे," मी म्हणालो. "उद्या या काका, करून ठेवतो."

माझा आवाज अजिबात हलला नाही, याची मला आजही लाज वाटते.

ते गेल्यावर मी फ्लेक्स बाजूला ठेवला. मार्च महिन्यात जुन्या सर्व्हरवाल्यांनी गाशा गुंडाळला होता. एकतीस तारखेच्या आत सामान हलवा, असं त्यांनी कळवलं होतं, आणि माझ्याकडे तेव्हा अकरा वेबसाइटी होत्या. बाईंची सगळी साइट मी एका झिप फाइलमध्ये गोळा करून उतरवून घेतली, माझ्या मशीनवर उघडली, दोन पानं नीट केली, परत झिप केली आणि नव्या सर्व्हरवर चढवली. पहिलं पान उघडून बघितलं. फोटो दिसला. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि मी पुढच्या साइटला लागलो.

मला आधी वाटलं रस्ता चुकला असेल, म्हणजे पान व्हिडिओ एका फोल्डरमध्ये शोधतंय आणि ते पडलेत दुसऱ्यात. असं नेहमी होतं, दहा मिनिटांचं काम. मी व्हिडिओंचा फोल्डर उघडला. आत फाइलींना नावंच नव्हती. नुसत्या आडव्या रेघा होत्या, कुठे तीन, कुठे सहा, कुठे बारा. मी खाली मोजणी बघितली. एकोणीस.

चारशे बाराच्या जागी एकोणीस.

काय झालं ते समजायला मला दुपार लागली, आणि समजल्यावर ते इतकं सोपं होतं की लहान पोरालाही सांगता आलं असतं. माझ्या मशीनवरचं झिप उघडायचं सॉफ्टवेअर मराठी वाचत नव्हतं. नावातल्या प्रत्येक अक्षराच्या, काना-मात्रा-वेलांटीच्या जागी ते एकेक आडवी रेघ मारत होतं. म्हणजे सारख्या लांबीच्या सगळ्या शब्दांचं नाव एकच झालं. मग ते सॉफ्टवेअर मला विचारत होतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर ही टाकू का? मला आठवलं. मार्चमधल्या त्या दुपारी ती खिडकी सारखी समोर येत होती आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेसाठी माणसं दुकानात ओरडत होती. त्या खिडकीत एक बटण असतं, 'सगळ्यांना हो'. मी ते दाबलं होतं. आईवर घर बसलं, घरावर फळ, शेवटी जो आला तो वाचला.

मग दोन दिवस मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, पण सांगतो. मूळ झिप जागा खाते म्हणून मी एप्रिलमध्येच पुसली होती. ती परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवलं. सहा महिन्यांचे फ्लेक्स तिच्यावर चढले होते, त्यातून निघाले ते नगरसेवकच. जुन्या सर्व्हरवाल्यांचा फोन लागत नव्हता. एकाच्या ओळखीनं तिथल्या जुन्या माणसाचा नंबर मिळाला. तो म्हणाला, मशिनी केव्हाच भंगारात गेल्या, साहेब. शाळा बंद झाली तेव्हा तिथला कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला दिलेला, तिथं फॉरमॅट झालेला. कॅमेऱ्याचं कार्ड माझंच होतं आणि त्यावर आता माझ्या भाचीचं बारसं होतं. सोलापूरच्या मूकबधिर शाळेतल्या सरांना मी फोनवर खूण समजावून सांगितली, हात दोनदा खाली पुसल्यासारखा. ते म्हणाले, आमच्याकडे अशी खूण नाही, ही तुमच्याच पोरांची असेल. ती पोरं चाकण, भिवंडी, सुरत अशी पांगली होती. बाईंच्या डायरीतल्या पत्त्यांवर काकांनी आधीच पाच-सहा कार्डं टाकली होती. दोन परत आली. बाकीच्यांचं काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका आले, हात पुसून खुर्चीत बसले. मी त्यांना सांगितलं, सर्व्हर कंपनीनं घोळ घातला, बरेच व्हिडिओ गेले.

"तुझी काय चूक त्यात," ते म्हणाले. "जेवढे आहेत तेवढे बघू."

मी एकोणीस व्हिडिओ एकामागून एक लावले. निळ्या भिंतीपुढे बाई उभ्या होत्या, हिरवं लुगडं, दोन्ही हात धडधाकट. काका पहिले दोन-तीन व्हिडिओ खुणा बघतच नव्हते. बायकोचा उजवा हात बघत होते.

वाचलेले शब्द कुठले, तर जे लांबलचक होते ते. त्यांच्याएवढं लांब दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्यावर कुणी बसलं नाही. प्रजासत्ताक दिन. मुख्याध्यापक. वार्षिक स्नेहसंमेलन. आणि छोट्यांमधले जे 'ह'वरून सुरू होतात ते, कारण ते बाराखडीत सगळ्यांच्या मागून आले. हळद. हातमाग. हो.

"हो तर ती मानंनं सांगती," काका म्हणाले. 'स्वच्छतागृह' आलं तेव्हा मात्र ते पुढे सरकले. "हे कामाचं आहे. परत लाव." मी परत लावलं. त्यांनी ती खूण चार वेळा करून बघितली. मूठ, मग करंगळी. जाड बोटं, वळत नव्हती.

हात खाली पुसणारी खूण एकोणिसांत नव्हती.

मग ते म्हणाले, यादी तरी दाखव, शब्दांवरून काहीतरी अंदाज लागेल. ती चारशे बारा शब्दांची यादी शाबूत होती. काकांनी पडद्यावर बोट ठेवून ती वरपासून वाचली. खाणं-पिणं, आजार, हवापाणी, गणित, सण. प्रत्येक शब्दाशी थांबून ते हात दोनदा खाली ओढून बघत आणि विचारत, हा असेल? धुणे? पुसणे? खाज? गोधडी काढ? शेवटच्या पानावर 'आपली माणसं' असा मथळा होता. मुख्याध्यापक, मावशी, शिपाई, मिस्टर. तिथं त्यांना थोडं हसू आलं.

"हितं पण मिस्टरच. नाव काय तिनं कधी घेतलं नाही माझं. लग्नात उखाणासुद्धा सुरवशांची सून म्हणून उरकला." एवढं बोलून ते परत वरच्या पानावर गेले. 'पुसणे'च असणार, त्यांनी ठरवून टाकलं. तिला हात चिकट लागत असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. लॅपटॉप घेऊन ये, तिला दाखवू, ती स्वतःच बोट ठेवून सांगेल. मला जायचं नव्हतं. मी गेलो.

बाई खिडकीशी कॉटवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस कुणीतरी, म्हणजे काकांनीच, तेल लावून वेडेवाकडे विंचरलेले. मला बघून त्यांनी डाव्या हातानं काहीतरी केलं, ते मलाही कळलं नाही. वर्षभर मी त्यांच्या खुणा शूट केल्या होत्या आणि कॅमेऱ्यात फोकस बरोबर आहे का याशिवाय काही बघितलं नव्हतं.

काका पायाशी उभे राहिले. म्हणाले, "हे बघ, मी शिकलोय." आणि त्यांनी छाती पुढे काढून मुख्याध्यापक केला, मग प्रजासत्ताक दिन केला, झेंड्याची दोरी ओढून. बाईंच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. पोट हलेपर्यंत हसल्या त्या. काकाही हसले. मग त्यांनी स्वच्छतागृह करून विचारलं. बाईंनी मानेनं नाही म्हटलं, आणि हसता हसता डावा हात गोधडीवर ठेवून दोनदा खाली ओढला. काकांकडे बघत.

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. यादीतल्या शब्दांवर त्यांची नजर गेली, पण ती अक्षरं त्यांना आता लागत नव्हती. मग त्यांनी त्या चौकटींकडे बघितलं. पानामागून पान मी खाली सरकवत गेलो आणि रिकाम्या चौकटी वर जात राहिल्या. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. शाळेत कुणी गृहपाठ न करता आला की बघावं तसं, रागानं नाही. तेव्हा मी सांगायला हवं होतं. त्या बोलू शकत नव्हत्या, काकांना काही कळलं नसतं, तरी मी सांगितलं नाही.

बाईंनी परत हात ओढला. दोनदा. काकांकडे बघून.

"आलो, आलो," काका म्हणाले आणि आत गेले. वाटीत कोमट पाणी आणि पंचा घेऊन आले. त्यांनी बायकोचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, एकेक बोट पुसलं, बोटांच्या बेचक्यांत पुसलं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. सगळा हात पुसून झाल्यावर त्यांनी तो सोडवून घेतला आणि तीच खूण पुन्हा केली. काकांनी पंचा परत पाण्यात बुडवला. तेव्हा बाईंनी डोळे मिटले.

"बघ," काका मला हळू आवाजात म्हणाले, "दिवसातनं वीस वेळा धुतो. तरी हातच धू म्हणायलीय."

बाई कार्तिकात गेल्या. मी सगळ्यांबरोबर मोक्षधामात जाऊन आलो. वेबसाइटवरच्या रिकाम्या चौकटी मी काढून टाकल्या आणि एकोणीस व्हिडिओंचं एक नीटनेटकं पान केलं. बघणाऱ्याला वाटावं, होत्याच एकोणीस.

त्यानंतर आठ वर्षांनी एक जोडपं दुकानात आलं. घर बांधलं होतं, वास्तुशांतीची पत्रिका छापायची होती. दोघंही ऐकू-बोलू न शकणारे. बायकोनं कागदावर सगळं लिहून आणलं होतं, अक्षर मोत्यासारखं. खाली नाव होतं, रुक्साना तांबोळी. मी कागदावर लिहून विचारलं, शाळा कुठली. तिनं लिहिलं, इथलीच, सुरवसे बाईंची.

इतक्या वर्षांत कुणी मूकबधिर माणूस भेटला की मी ती खूण करून बघत असे. बसस्टँडवर, सोलापूरला, एकदा पुण्यात. लोक मान हलवायचे. त्या दिवशीही मी काउंटरवर हात ठेवला आणि दोनदा खाली ओढला.

रुक्सानाचा चेहरा एकदम उजळला. तिनं नवऱ्याला कोपर मारलं, त्याला तीच खूण करून दाखवली, आणि माझा पेन ओढून घेऊन लिहिलं, 'बाईंचे मिस्टर. कसे आहेत ते?'

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिनं खाली आणखी लिहिलं. मुलांमध्ये प्रत्येक माणसाला एक खूण असते, ती त्याचं नाव. मिस्टर बाईंना न्यायला संध्याकाळी शाळेत यायचे, वर्कशॉपमधून सरळ, हात ऑइलनं काळे. गेटमधून आत येताना ते हात पँटीला पुसायचे, दोनदा. म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. बाईंना फार आवडलं. बाई पण त्यांना हेच म्हणायच्या. वर्गाच्या खिडकीतून ते येताना दिसले की मुलं सगळी मिळून हे नाव करायची आणि बाई लाजायच्या.

ते दोघं गेल्यावर मी 'मिस्टर' या शब्दाची अक्षरं मोजली. वेलांटी आणि मोडका पाय धरून सहा. सहा रेघांच्या जागी हातमाग वाचला होता.

काकांना सांगायचं की नाही यात मी दोन दिवस काढले. सांगून काय मिळणार होतं? मग वाटलं, आठ वर्षांपूर्वीही मी असंच म्हटलं होतं.

ते सत्तरीच्या पुढे गेले होते. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी गेलो तसे उठायला लागले, मी बसा म्हणालो. मी आधी माझं सांगितलं. कंपनीनं काही केलं नव्हतं काका, मी केलं होतं, बटण मी दाबलं होतं. ते नुसते ऐकत होते. मला वाटतं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, कारण मी लगेच दुसरं सांगितलं. रुक्सानाचा कागदच त्यांच्या हातात दिला.

कागद घेण्याआधी त्यांनी हात पँटीला पुसले. दोनदा, वरून खाली. आणि ते करता करता ते थांबले नाहीत, कारण त्यांनी अजून वाचलं नव्हतं.

त्यांनी वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. कागद गुडघ्यावर ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. समोरच्या रस्त्यानं शाळा सुटलेली पोरं गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं मला थांबवलं.

"म्हणजे तिला काय नको होतं," ते म्हणाले. "पाणी नको होतं, काय नको होतं. मला हाक मारायलीवती."

मी मान हलवली.

"दोन महिने, उदय. तिथंच उभा होतो मी, तिच्यापुढं." त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि सावकाश खाली ओढला, दोनदा. मग मान वर करून समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघितलं.

"ओ," ते म्हणाले.